एस्टीच्या मागं दोन जिपा

२ नोव्हें., रवि.
प्राचीले गेंटचं बोलावणं आलं. गेंट बेल्जियममधे आहे हे मले आजच समजलं. मालवाहतुकीवर मोठी परिषद आहे, आन तिथं आमची पोट्टी बोलणार! पत्र दुकानात उभं राहून वाचलं. इंग्रजी अर्धंच समजलं, पण एवढ्या जोरात वाचलं की समोरच्या धाब्यावरची माणसं बाहेर आली. एका ड्रायव्हरचं पंक्चर तसंच राह्यलं. तो म्हणे, "भाऊ, पोट्टी जाईन तवा जाईन, पंक्चर त आज काहाडा."
नागपूरले तीन वर्षं अभ्यास करून राह्यली. कशावर, इचारलं त म्हणते, "ट्रकच्या रिकाम्या फेऱ्यावर. बाकीचं तिथं बोलल्यावर सांगीन, बाबा."

५ नोव्हें., बुध.
प्राची घरी आली. परिषदेवाल्यांची एक अट आहे. विमान एकच. बाकी रस्ता एस्टी, रेल्वे नाईतर पायी. घरापासून सभागृहापर्यंत खासगी गाडी चालत नाई. पोचल्यावर फारम भरा लागते, त्यात ‘तुमच्यामुळं धावलेली प्रत्येक गाडी’ लिहायची. जे अट पाळतीन त्यांच्यातलेच पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहात बोलतीन, आन त्या यादीत प्रा.चं, म्हणजे आमच्या प्राचीचं, नाव आहे.
म्हणून कारंज्याहून वर्धा एस्टी, वर्ध्याहून मुंबई रेल्वे, तिथून अॅमस्टरडॅमले विमान, पुढं परत रेल्वे.
मी म्हणलं, "नागपूरचं विमानतळ सोडून उलटं वर्ध्याले काऊन?"
"बाबा, रिकामा ट्रक दिसला की तुमचं डोकं फिरते ना? हे तसंच आहे."
बरोबर होतं तिचं. दुकानाबाहेरची पाटी माहीच. प्रा. पहिलीत होती तवापासून टांगली. ज्याले रिकामं जायचं आहे त्यानं खडूनं लिहायचं, कुठी चालला, कवा चालला. संत्रावाले, कापूसवाले येऊन वाचतात, माल भरून देतात. मधात माहा पैसाही नाई. रिकामी गाडी पळवणं म्हणजे डिझेल रस्त्यावर सांडणं, हे मी सगळ्या ड्रायव्हरले सांगत असतो. पाठ झालं त्यांचं.

९ नोव्हें., रवि.
साळा आला. सुरेश. "भाऊजी, भाची बेल्जियमले चालली आन तिले लाल डब्ब्यात बसवता? लोक काय म्हणतीन?" त्याच्या दोन जिपा आहेत, त्या तो कोणाच्याही लग्नात काहाडते.
आमच्याकडं कोणी लांब चाललं की घरच नाई, आळी जाते पोचवायले. चुलतभाऊ फौजेत गेला तवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सगळे वर्ध्याले गेलतो. ढोलकी होती. अजून लोक त्याची आठवण काढतात.
प्रा. म्हणाली, "स्टँडवर फक्त तुमी अन् आई. गाडी नाई. शब्द द्या."
दिला. तिच्या हातावर हात ठेवून दिला.

११ नोव्हें., मंगळ.
गेली पोट्टी.
सकाळी तिच्या आईनं, शोभानं, हातावर दही ठेवलं, कुंकू लावलं. बॅग मी उचलली. एस्टी वेळेवर आली, हे एक नवलच. खिडकीतून हात केला. गाडी सुटली. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.
वळलो त सुरेश उभा. दोन जिपा, हार, पेढे, माणसं सतरा. "चाला भाऊजी, ठेसनापर्यंत." मी नाई म्हणलं. एकदाच म्हणलं. मंग पुढच्या जिपीत पुढच्या सीटवर बसलो. शोभा आली नाई. "तुमी शब्द देल्ला होता," एवढंच बोलली आन घराकडं चालायले लागली.
समोर एस्टी, मागं आम्ही. सुरेश हॉर्न वाजवून राह्यला. लोक रस्त्यावर थांबून पाहून राह्यले. खरं लिहितो, छाती फुगली होती. प्रा. मागच्या खिडकीत आली. मी हात बाहेर काढून हालवला. तिनं मोबाइल वर केला, फोटो काढला. मले वाटलं खूश आहे.
आर्वीच्या स्टँडवर ती खाली उतरली नाई.
वर्ध्याले प्लॅटफॉर्मवर हार घातले, पेढे वाटले. गाडी हालली तवा दारातून म्हणाली, "बाबा, दोन जिपा फारमात लिहा लागतीन."
"अवं, तू त एस्टीत होती!"
"धावल्या कोणासाठी?"
गाडी गेली. सुरेश म्हणे, "मस्त झालं ना, भाऊजी?" परतताना मी मागं बसलो.

१२ नोव्हें., बुध.
बबन आला. तळेगावचा, माह्या पाटीवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. चाक खोलता खोलता इचारते, "भाऊ, काल एस्टीमागं त्या दोन जिपा कोणाच्या होत्या? काय माल होता?"
"माल नव्हता. माणसं होती."
"काय कामानं गेलती?"
काय सांगू? कामाचं एकही नव्हतं. सतरा माणसं बसली तरी गाडी रिकामीच. बबननं पाटीकडं पाह्यलं, आन मंग माह्याकडं.
दुपारी प्रा.ले मेसेज टाकला. ‘जिपा लिहू नको. तिथं कोणाले समजते?’ तिनं वाचला. उत्तर नाई. ती मुंबईत आहे, उद्या विमान.

१४ नोव्हें., शुक्र.
पोचली. विमानानंतर दोन रेल्वे बदलल्या, स्टेशनापासून पायी गेली. फोटो आले. सायकलीच सायकली, आमच्या आठवडी बाजारात माणसं असतात तेवढ्या.
खाली एक ओळ. ‘फारम भरला. दोन जिपा लिहिल्या.’
कान गरम झाले. बुधवारचा मेसेज पुसायले गेलो, पण तिनं तो केव्हाच वाचला होता. पुसून काय उपयोग? शोभाले सगळं दाखवलं. ती म्हणे, "अवो, पोट्टी खोटं बोल्ली असती त बरं वाटलं असतं का तुमाले?"
नाई वाटलं असतं. पण ते कबूल करायले मले चहा होईपर्यंत येळ लागला.

१५ नोव्हें., शनि.
मोठ्या सभागृहातून प्रा.चं नाव कटलं. सोमवारी ती लहान खोलीत बोलन.
सुरेशवर असा संताप आला की फोन लावला. दोन घंट्या वाजल्या आन मीच कापला. जीप त्याची होती, पण पुढच्या सीटवर कोण बसलं होतं? शब्द कोणी देल्ला होता?
दिवसभर कामात मन नाई. एका टायरचे नट कसायचे राह्यले. ड्रायव्हर चांगला म्हणून त्यानं पाह्यलं.

१७ नोव्हें., सोम.
आज लिहायले बसलो. आनंदानं.
प्रा.च्या मैत्रिणीनं तिथून व्हिडिओ पाठवला. दुकानात टायरवर बसून पाह्यला. शोभाले बोलावलं. खोली लहान, माणसं भिंतीले टेकून उभी. आन भिंतीवर, एवढ्या मोठ्या पडद्यावर... माही पाटी! माही तीच पाटी, कोपरा तुटलेली, खडूची भुकटी खाली पडलेली. ‘नागपूर, रिकामा, उद्या सकाळी.’ अक्षर बबनचं. पोट्टी तीन वर्षं माह्या पाटीवर अभ्यास करून राह्यली आन मले पत्ता नाई! सुट्टीत येऊन फोटो काढायची, ड्रायव्हरसंगं बसायची, मले वाटे टाइमपास करते.
मंग दुसरा फोटो. एस्टीच्या मागच्या काचेतून काढलेला. दोन जिपा, बोनटवर हार, आन पुढच्या सीटवर हात बाहेर काढून मी. खोलीतले सगळे हसले. मले टायरमधे घुसून बसावं वाटलं.
प्रा. इंग्रजीत बोलली, पण हळू बोलली म्हणून समजलं. "हे माझे वडील. टायरचं दुकान चालवतात. रिकामी गाडी पळवू नये हे मी यांच्याकडून शिकले. मला पोचवायला हेच दोन जिपांसोबत आले, म्हणून मी मोठ्या सभागृहात नाही. मला दोन्ही सांगायचंय, कारण रस्त्यावर माणसं अशीच असतात."
मंग टाळ्या. थांबतच नव्हत्या.
शोभा रडली. मीही रडलो. त्यात लाजायचं काय? माह्या पोट्टीनं बापाले झाकलं नाई, आन खालीही पाडलं नाई. मोठ्या सभागृहात बोलली असती त मी पेढे वाटले असते. आज वाटले नाई, पण छाती त्या मंगळवारपेक्षा मोठी झाली.
बबनले व्हिडिओ दाखवला. आपलं अक्षर पाहून म्हणे, "भाऊ, मी बेल्जियमले गेलो ना बे!"

२० नोव्हें., गुरु.
प्रा. शनिवारी दुपारी वर्ध्याले उतरते. सुरेशनं व्हिडिओ पाह्यला आन त्याले येगळाच चेव आला. "भाऊजी, या टायमाले तीन गाड्या. बँड बी सांगतो." एवढ्या जोरात नाई म्हणलं की धाब्यावरची माणसं परत बाहेर आली.
जिपांबद्दल प्रा. माह्याशी अजून एक शब्द बोलली नाई. फोनवर जेवण, थंडी, रेल्वे, आईची तब्येत. त्या बुधवारच्या मेसेजबद्दलही नाई. मीही काहाडलं नाई. काहाडायले पाहिजे होतं.
आज इचारलं तिनं, ‘स्टेशनवर कोण येऊन राह्यलं?’
लिहिलं, ‘मी एकटा.’ वाचलं तिनं. उत्तर नाई. एकदा शब्द मोडला की माणूस एकटा येतो म्हणला तरी समोरचा सतरा मोजते.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी पाटी ओल्या फडक्यानं पुसली. इतक्या वर्षांत तिच्यावर मी स्वतःसाठी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.
‘वर्धा ते कारंजा. उद्या दुपारी. माणसं दोन, बॅग एक. कोणी रिकामं येत असन त सांगजो.’ खाली माहं नाव.
बबननं दोनदा वाचलं. "भाऊ, तुमी सोता?"
"हव."
"माही गाडी त उद्या अमरावतीले चालली. पण सांगतो कोणाले." आन हसला. चांगलं हसला.
कोणी नाई भेटला त एस्टी आहेच. जातानाही एस्टीनंच जाणार. शोभानं एक हार करून देल्ला, पिशवीत मावते तेवढाच. आन म्हणाली, "माफी मागजा पहिले. हार मंग."
पाच वाजेपर्यंत पाटीवर खाली कोणी काही लिहिलं नाई. फोटो काढून प्रा.ले पाठवला. संगं लिहिलं, ‘चुकलं माहं. जिपांचं चुकलं, आन लिहू नको म्हणलं तेही चुकलं.’
तिनं वाचलं. काहीतरी लिहून राह्यली असं वर दिसून राह्यलं. मंग थांबलं. आता परत लिहून राह्यली.