चारही ओळींच्या तोंडाशी

१४ डिसेंबर
हवामान केंद्रातलं काम संपवून वसतिगृहातल्या मुलांचा कवितेचा वर्ग घेतला – पुन्हा काही नाही! सांगितलं एवढंच: चार ओळी, चारींच्या तोंडाशी एकच अक्षर, मजकूर स्वतःचा. सगळ्यांनी आई आणि घोडा. पाठ्यपुस्तकातून.
शाळेतले पुरेव सर दारातूनच म्हणाले, "बाई, हवामान केंद्रात ढग कमी पडले का? स्पर्धेची कविता मी लिहितो, पोरं पाठ करतील. दरवर्षी तसंच करतो."

२१ डिसेंबर
ओयुंदारीने लिहिली! दहा वर्षांची, एरवी तोंड न उघडणारी.

बर्फात बसली करडी मेंढी,
बघते वर, ओरडत नाही.
बाबा म्हणाले, झोपली असेल –
बराच वेळ उठत नाही.

"खरंच मेली का गं?"
"नाही ताई. 'ब'वरून सुचत गेलं."
मोठ्याने वाचायला लावली. मग पुन्हा एकदा. मुलं गप्प झाली. मला वाटलं, कविता आवडली.

९ जानेवारी
दोन दिवस ऊब, मग कडाका. बर्फ वितळून परत गोठलं. कुरणावर काच, गवत खाली. खुरांनी फुटत नाही. इशारा मी वेळेत पाठवला होता. लोकांनी जायचं कुठे, ते इशाऱ्यात नसतं.

२ फेब्रुवारी
ओयुंदारीच्या घरचा कळप गेला. थोड्या शेळ्या उरल्यात.

४ फेब्रुवारी
तिची आजी तिला घरी न्यायला आली. माझ्याकडे पाहिलं नाही. बोलली सरांशी, पण मला ऐकू जाईल असं – "वाईट बोललं की वाईट येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. या शिकलेलीने आमच्या पोरीकडून वदवून घेतलं. दोनदा!"
सर म्हणाले, "आजी, चहा घ्या."
मी पोरीला तक्ते दाखवले. तापमान, थराची जाडी. शेजारच्या तालुक्यांतही जनावरं मेली. तिथे कुणी कविता केली होती?
तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, पहिली करडीच गेली."
मी तक्ते गुंडाळून ठेवले.

१५ फेब्रुवारी
वर्ग. कुणी आलं नाही.

१ मार्च
कुणी नाही. सरांची कविता जिल्ह्यात दुसरी आली. त्यातले घोडे लठ्ठ आहेत.

८ मार्च
ओयुंदारीचे वडील केंद्रावर आले. घडी घातलेला कागद दिला. "पोरीने पाठवलाय. मी वाचला नाही." चहालाही थांबले नाहीत.
कविता आहे. निर्दोष. स्वतःची.

ताई तापमान बघायला गेली,
तुफानात तिला वाट दिसेना.

उरलेल्या दोन ओळी इथे उतरवत नाही.
मी असलं काही मानत नाही. कागद चुलीत घालायला हात होईना – चांगली कविता आहे. घरातही ठेववेना. दाराबाहेर, दगडाखाली ठेवून आले.