पहिला रिपोर्ट आणि फेडलेला नवस

श्री. प्रेमराजभाऊ यांस जळगावहून सज्वर नमस्कार. (साष्टांग घातला तर उठवायला दोघे लागतील.) चोपड्याला लहानथोर खुशाल असावेत. कपिला गायीचेही कुशल कळवावे. सध्या माझे कुशल तिच्यापासूनच सुरू होते.

गेल्या भेटीत तुम्ही गोठ्यात तिच्या अंगावरचे गोचीड काढत होता आणि मला म्हणालात, "पाव्हणे, राहू द्या, हे मास्तरचं काम नाही." संस्कृतच्या मास्तरला गोसेवेवरून डिवचणे बरे नव्हे. मी पुढे झालो, एक गोचीड उपटला आणि नखांत चिरडला. (गोसेवेवर आयुष्यभर बोललो, केली एवढीच.) घरी परतल्यावर काही दिवसांनी ताप भरला, डोके फुटू लागले, मनगटांवर लाल ठिपके उमटले. डॉ. यास्मिनबाईंनी नाडी धरण्याआधीच विचारले, "सर, गुरांत गेला होतात?" गोचीडतापाचा संशय म्हणून त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या आणि रक्तात प्रतिपिंड, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जे तयार करते ते, आहेत का हे पाहायला नमुना घेतला. (ज्या शब्दात पिंड आहे तो मला पहिल्यापासून रुचला नाही.) मी घाबरून मुक्ताईला नवस बोललो: रिपोर्ट निगेटिव्ह येऊ दे, ओटी घेऊन येतो.

आणि तो आलाच तसा! मी गोळ्या बंद केल्या, तुमच्या बहिणीला, कामिनीला, घेऊन एसटीने मुक्ताईनगर गाठले, ओटी भरली आणि परतीच्या वाटेवर खिडकीला टेकून कुडकुडत बसलो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दाखवला तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"गोळ्या कोणी थांबवल्या?"

"रिपोर्टने," मी म्हणालो.

"सर, रक्त फार लवकर घेतलं होतं. प्रतिपिंड तयार व्हायलाच आठवडाभर लागतो. यावरून गोचीडताप नाही असं ठरत नाही. पंधरवड्याने पुन्हा रक्त घेऊ, दोन्ही ताडून पाहू. गोळ्या मात्र आत्ताच्या आत्ता."

भाऊ, न्यायशास्त्रात याला प्रागभाव म्हणतात. वस्तू घडण्यापूर्वी ती नसते, एवढेच. मडके दिसत नाही म्हणून कुंभार चाकावरून उठला असे होत नाही. वर्गात शिकवताना हे मला फार सोपे वाटे. आता बाह्या वर करून आरशापुढे उभा राहतो आणि एखादा ठिपका नवा वाटला की सगळे पहिल्यापासून मोजतो. मुक्ताईपुढे तर तोंडच उरले नाही. नवस फेडून मोकळा झालो. आता पुन्हा मागू कशाच्या जोरावर?

आपला (तूर्त तरी) मेहुणा,
चुडामण

ता. क. पहिला रिपोर्ट बिनकामाचा होता हे कामिनीला सांगितलेले नाही. गोळ्या शक्तीच्या म्हणून घेतो. पुढच्या गुरुवारी दुसरे रक्त द्यायचे आहे. केळी द्यायला आलो असे सांगून या आणि माझ्याबरोबर चला. एकट्याच्याने तिथवर पाऊल उचलणार नाही. तिला यातले अक्षर कळता कामा नये.

आणखी ता. क. भाऊ, मी कामिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, वर वाचू नकोस म्हणाले. माले बठ्ठं माहीत शे, पहिल्या रिपोर्टापासूनचं सगळं. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी फोन केला होता. त्या 'शक्तीच्या' गोळ्या वेळेवर यांच्या हातावर मीच ठेवते. कालपासून ताप उतरलाय, पण थर्मामीटर बिघडलाय असं म्हणतात. गुरुवारी नक्की या. मला काही ठाऊकच नाही असं तोंड करून मी इतके दिवस काढले, पण त्या दिवशी ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.