ज्याला आधी कळलं होतं

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा तीच जाहिरात! मेकअपच्या खोलीतल्या टीव्हीवर दिवसातून चौदा वेळा. आधी अंधार, मग ढोल, मग होलिस ट्रेडवेचं थोबाड – आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'ज्याला आधी कळलं होतं!' ते थोबाड त्याच वेळी माझ्या खुर्चीत बसलेलं. कॉलरमध्ये टिश्यू खोचून, कानातले केस कापून घेत.

कळलं होतं म्हणे! वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चॅनेलवर बारा भाकितवाले, त्यातले अकरा सांगत होते की गादीवरचा म्हातारा राष्ट्राध्यक्ष हरणार. एकटा होलिस म्हणाला, राहणार. म्हातारा राहिला. त्या एका वाक्यावर हा माणूस वीस वर्षं मिरवतोय.

आणि ते वाक्य माझं होतं. लाइव्ह जायच्या पाच मिनिटं आधी त्याने विचारलं होतं, "काय आर्लीन, तुमच्या स्क्रँटनमध्ये काय बोलतात?" स्क्रँटन म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं माझं गाव. त्याच्या नाकावर पावडर लावता लावता मी म्हटलं, "म्हातारा कुठे जात नाही." सगळं डोळ्यांसमोर आहे. हातात गुलाबी पफ होता. तो उठला, आत गेला आणि माझं वाक्य आपलं म्हणून बोलला. आभार? एकदाही नाही.

१४ सप्टेंबर

ग्रेटाने सगळ्यांना बोलावलं. निवडणूक संपली की मेकअपच्या पाच खुर्च्यांतल्या दोन राहणार. निम्मे पाहुणे आता घरूनच बोलतात, आपली पावडर आपणच थापतात. "कोण राहणार ते नोव्हेंबरमध्ये ठरवू," असं हसत हसत म्हणाली. मॅनेजर लोकांना हे हसू कुठे शिकवतात कोण जाणे.

मी अठ्ठावन्न वर्षांची. दुसरं काय करू? मढ्यांना रंगवायला जाऊ? फरक फार पडणार नाही म्हणा.

होलिस म्हणाला, "काळजी करू नकोस. मी ग्रेटाशी बोलतो." त्याच्या शब्दाला इथे वजन आहे. बरं वाटलं.

२० सप्टेंबर

या वहीच्या मागच्या पानावर मी भाकितवाल्यांचे गुण लिहिते. भुवयांच्या पेन्सिलीने. म्हणजे चूक झाली तर पुसता येते, पण अजून एकदाही पुसावं लागलेलं नाही. सगळे नापास.

टक्केवाला नील आज म्हणाला, गव्हर्नरविरुद्ध सिनेटरबाई राष्ट्राध्यक्ष व्हायची शक्यता एकोणसाठ टक्के. बाई जिंकली तर 'मी म्हणालो होतो', गव्हर्नर जिंकला तर 'एक्केचाळीस टक्के मीच दिले होते'. असं नापास न होणारं उत्तर मला शाळेत सुचलं असतं तर!

प्राध्यापकबाई हॅव्हर्टी. चार निवडणुका, चारही चूक, आणि दर वेळी एक नवं पुस्तक. कपाळ बाकी सुंदर. विचारांची एक सुरकुती नाही.

आणि होलिस. म्हाताऱ्याच्या त्या निवडणुकीनंतर चार झाल्या. दोन बरोबर, दोन चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. खुर्चीत बसला की दर वेळी तो मला विचारतो, हे खरं. ज्या दोनदा चुकला, त्या दोनदा माझं ऐकलं नसणार. दुसरं काय!

२८ सप्टेंबर, गुरुवार

त्याचं जॅकेट इस्त्री करून घेऊन चालले होते. ग्रेटाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. आतून तिचा आवाज, "आर्लीनचं काय करू? ठेवू का?"

आणि होलिसचा, "मला काय, पावडर कुणीही लावेल."

आणि हसला. हसलाच!

वीस वर्षं. याच्या टकलाची चमक मी मारली. बायको गेली त्या आठवड्यात सुजलेले डोळे मी लपवले, कॅमेऱ्यासमोर माणसासारखा दिसला तो माझ्यामुळे. पावडर कुणीही लावेल!

जॅकेट खुंटीला टांगलं आणि संडासात जाऊन रडले. पाच मिनिटं. मग पुढचा चेहरा आला.

२९ सप्टेंबर

त्याच्या पांढऱ्या कॉलरवर फाउंडेशनचा डाग पडू दिला. पुरेसं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

कॅझला फोन. माझा भाऊ एरवी हवापाण्यापलीकडे बोलत नाही, पण निवडणुकीच्या वर्षी त्याला जीभ फुटते. शनिवारी चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोलिश करंज्या, भरायला सगळ्या बायका जमल्या होत्या. बटाटा शिजवायचं मोठं पातेलं कॅझच उचलतो, त्यामुळे त्याला सगळं ऐकू येतं.

"काय सांगू आर्ली, अख्खं टेबल सिनेटरबाईच्या बाजूने! ब्रॉन्यासुद्धा!"

"कोण, आपली ब्रॉन्या? चर्चच्या कमिटीवरसुद्धा बाई नको म्हणणारी?"

"तीच. म्हणते, गव्हर्नरने माझ्या बहिणीचं हॉस्पिटल बंद केलं, त्याचं तोंड पाहणार नाही."

संपलं. ब्रॉन्या फिरली म्हणजे पेनसिल्व्हेनिया फिरलं, आणि ते फिरलं की निवडणूक फिरते. टक्केवाल्याचे टक्के घाला चुलीत. सिनेटरबाई येणार.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज होलिसने विचारलं.

पण नेहमीसारखं चेष्टेत नाही. दार लावून घेतलं. आरशात बघत म्हणाला, "या वेळी मला काही कळत नाहीये गं. पूर्वी पोटातून कळायचं. आता पोटात नुसतं आम्लपित्त." मग मान वर करून, "तुझ्या पिरोगीवाल्या बायका काय म्हणतात? तू सांगशील तेच मी बोलतो."

जणू एरवी दुसरं काही बोलतो! काय नाटकी माणूस.

मी ब्रश घेतला. हात जरासुद्धा हलला नाही. म्हटलं, "गव्हर्नर."

"काय सांगतेस! सगळ्यांचे आकडे तर बाईकडे आहेत."

"आकड्यांना कोण विचारतं? ब्रॉन्या म्हणून एक आहे आमच्याकडे. जन्मात कुणाचं चांगलं बोलली नाही, ती गव्हर्नरसाठी मेणबत्ती लावते. सगळं टेबल गव्हर्नरचं आहे, होलिस. लाजतात, म्हणून फोनवर विचारणाऱ्यांना सांगत नाहीत."

लाजतात हे मला ऐन वेळी सुचलं. काय छान सुचलं!

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी न लावलेला.

१३ ऑक्टोबर

बोलला! जसंच्या तसं! "पेनसिल्व्हेनियातल्या एका चर्चच्या तळघरात पिरोगीचं एक टेबल आहे. तिथे जे ऐकू येतं ते कुठल्याही सर्वेक्षणात येत नाही. माणसं लाजतायत. गव्हर्नर जिंकणार."

मेकअपच्या खोलीत मी एकटी टाळ्या वाजवत होते.

१९ ऑक्टोबर

ग्रेटा खुशीत. पडद्याखाली आता पट्टी येते – 'पिरोगीचं टेबल काय म्हणतं?' बाजूला वाफाळत्या ताटलीचं चित्र. आमच्याकडे लोणी आणि कांदा घालतात, यांनी टोमॅटो सॉस दाखवलाय. ब्रॉन्या बघत असेल तर टीव्ही फोडेल.

मजा पुढेच आहे. प्राध्यापकबाई हॅव्हर्टी काल म्हणाल्या, "मलाही पेनसिल्व्हेनियातून तेच ऐकू येतंय." कुठून येतंय बाई? पेनसिल्व्हेनिया नकाशावर दाखवा बघू! टक्केवाल्याने एकोणसाठचे त्रेपन्न केले. समोरच्या चॅनेलवरचे दोघेही गव्हर्नरकडे सरकले. होलिसला काहीतरी कळलंय, असं सगळे एकमेकांना सांगतायत. ज्यांना देश विचारतो, ते होलिसला विचारतात, आणि होलिस मला. आणि मी खोटारडी!

इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

२२ ऑक्टोबर, रविवार

कॅझ भडकलेला. "आमच्या बायका कधी म्हणाल्या गं गव्हर्नर? ब्रॉन्या लाटणं घेऊन बसलीय. हा ट्रेडवे कुणाशी बोलला?"

"मला काय माहीत? टीव्हीवरची माणसं काहीही बोलतात."

"तू तिथे असतेस ना? तोंड रंगवताना दोन शब्द सांग त्याला!"

"मी फक्त पावडर लावते, कॅझ. ती तर कुणीही लावेल."

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो थकलेला दिसला. डोळ्यांखाली दोन थर द्यावे लागले. म्हणाला, "आर्लीन, एकदा खरं सांग. खात्री आहे ना? चुकलो तर या वयात मला कुणी उभं करणार नाही. घरी बसून मी काय करू? घरी कुणी नाही."

एक क्षण – लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय – एक क्षण वाटलं, सांगून टाकावं. एक शब्द पुरे होता. त्याला अजून मागे फिरता आलं असतं. भाकितवाले रोज फिरतात, कुणी बघत नाही.

पण 'कुणीही लावेल' आठवलं. आणि ते हसणं.

"शंभर टक्के," मी म्हटलं, आणि त्याच्या गालावर हलकेच थोपटलं. त्याने माझा हात दाबला. हात घामट होता.

आत जाऊन काय बोलावं लेकाने! "मी चुकलो तर पुन्हा या टेबलाशी बसणार नाही." हे मी सांगितलं नव्हतं. हे त्याचं त्याचं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

मत देऊन आले. सिनेटरबाईला. आता बघू.

८ नोव्हेंबर, बुधवार

सिनेटरबाई! पेनसिल्व्हेनिया साडेदहालाच तिच्याकडे गेलं. आमच्या जिल्ह्यात तर ती धो धो जिंकली.

निकाल येत असताना तो दर तासाला खाली यायचा, टचअपला. पहिल्यांदा म्हणाला, "अजून लवकर आहे." दुसऱ्यांदा, "खेड्यातली मतं यायची आहेत." तिसऱ्यांदा नुसती मान मागे टाकून डोळे मिटले. कपाळावर घामाचे मोठे मोठे थेंब. माझ्या हातात टिश्यू होता. मी गळा पुसला, हनुवटी पुसली. कपाळ तसंच सोडलं.

पडद्यावर काय चमकत होतं! सगळ्या देशाला एकदम दिसलं. हॅव्हर्टीबाई शेजारून म्हणाल्या, "मला सुरुवातीपासूनच त्या टेबलाबद्दल शंका होती." सुरुवातीपासून! टक्केवाला म्हणाला, त्याचे त्रेपन्न टक्के बरोबर ठरले. आणि मग सगळ्यांनी मिळून होलिसला सोललं, हसत हसत, त्याच्याच टेबलाशी. "होलिस, आता पिरोगीच खायच्या का?" तो हसायचा प्रयत्न करत होता. ओठ कोरडे पडले होते. तिथे मी काही लावलं नव्हतं.

मी शेवटपर्यंत बघितलं. एक घास सोडला नाही.

१० नोव्हेंबर

जाहिरात बंद. दाराबाहेरचा त्याचा फोटोही काढला. भिंतीवर चौकोनी डाग उरलाय. 'दिलेल्या शब्दाचा मान राखून' निवृत्त, असं ग्रेटाने सगळ्यांना कळवलंय. हॅव्हर्टीबाई कायम.

१७ नोव्हेंबर

दोन खुर्च्या राहिल्या. एक माझी! ग्रेटा म्हणाली, "तुझा हात सगळ्यात शांत आहे."

हो, आहेच.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

होलिस आपलं सामान न्यायला आला. एक खोकं. आत कॉफीचा मग, छत्री, बायकोचा फोटो. मेकअप नसताना कसा दिसतो ते मीच विसरले होते. शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.

दारात उभा राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. उत्तरं तयार होती.

म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या बायका चुकल्या, त्याला तू काय करणार? आणि गंमत बघ आर्लीन. वीस वर्षं दर वेळी तुला विचारलं. ऐकलं मात्र एकदाच, या वेळी."

आणि गेला.

एकदाच? एकदाच! जाता जाताही खोटं! माझं वाक्य विकून घर बांधलं आणि आता वर तोंड करून म्हणतो, ऐकलं एकदाच! इतका संताप आला की हातातला ब्रश मोडला.

२२ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात तेच. नाही, असा सोडणार नाही. उद्या थँक्सगिव्हिंगला स्क्रँटनला जायचंच आहे. माझ्या सगळ्या जुन्या वह्या कॅझच्या तळघरात ट्रंकेत आहेत. त्या दिवशी मी लिहिलं असणारच, मी रोज लिहिते. ते पान शोधते, फोटो काढते आणि पाठवते त्याला. एकटाच टर्की खात बसला असेल, तेव्हा बघू दे कुणाला आधी कळलं होतं.

२४ नोव्हेंबर, स्क्रँटन

सापडली. निळी वही. तारीख तीच, अक्षर माझंच:

"होलिसने आज विचारलं, स्क्रँटनमध्ये काय बोलतात. म्हटलं, म्हातारा गेला, लिहून ठेवा. हसला, आणि आत जाऊन नेमकं उलटं बोलला! पफ संपलेत, स्पंजवर भागवलं. चांगलं सांगितलं तर ऐकायचं नाही. मूर्ख कुठला!"