जावरच्या मुशीचं तोंड

बाबा, तुमची जावरची वही शेवटी रविवारी उघडली. तुमच्यामागून आईही गेल्यावर पुण्याचं घर आवरताना ती सापडली होती आणि मी ती बॅगेच्या तळाशी घालून इथे सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर आणली. तीन महिने कपाटात पडून होती. मला ती उघडायची धास्ती वाटत होती. कारण तुम्हाला माहीत आहे. निदान मला तसं वाटत होतं.

उदयपूरजवळ जावरच्या त्या डोंगरात तुम्ही खाणीचे सर्व्हेअर होतात, पण सुट्टीच्या दिवशी तुमचा जीव जुन्या खाणींत अडकलेला असायचा. मला सायकलवर मागे बसवून पडक्या देवळांकडे न्यायचात. पाच-सहाशे वर्षांपूर्वी जस्तावर पैसा झाला म्हणून ही देवळं उभी राहिली, असं सांगायचात आणि खांबांवरची नक्षी वहीत उतरवायला बसायचात. मला मात्र गावातल्या भिंती आवडायच्या. जस्त काढायची मातीची मूस वांग्याएवढी, तिला देठासारखी लांब नळी. एकदा भट्टीतून निघाली की ती निकामी, मग लोक त्याच मुशी रचून घरं बांधायचे. तुम्ही त्या भिंतीवर तळवा ठेवून म्हणायचात की देवळं सगळे बघतात, या कुंभाराला कोणी विचारत नाही.

मी नववीत असताना तुम्ही या सगळ्याची मोठी चित्रं करायला घेतलीत. पेन्सिलीनं तुम्ही काढायचं, ट्रेसिंग पेपरवर शाई मी भरायची. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात टेबल पुसून आपण बसतो आहोत, आई पोळ्या पालथ्या परातीवर लाटते आहे, कारण ओट्यावर तुमच्या दौती आहेत. तेवढी सुखाची सुट्टी मला पुन्हा मिळाली नाही.

मग जुन्या खाणींचा अभ्यास करणारे दिल्लीचे एक पाहुणे आले. भट्टीच्या चित्रापाशी थांबले आणि हसले. जस्त आगीत वाफ होऊन उडून जातं, म्हणून मूस उलटी ठेवायचे, नळी खाली, म्हणजे वाफ खालच्या गार भांड्यात उतरून तिचं जस्त व्हायचं, असं त्यांनी सांगितलं. चित्रात मुशींच्या नळ्यांची तोंडं वर होती, चुलीवरच्या पातेल्यासारखी. तुम्ही चित्राकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि त्यांच्यादेखत म्हणालात, "शाई भरताना डोळे कुठे होते तुझे?"

त्यानंतर तुम्ही ती चित्रं कोणालाच दाखवली नाहीत. माझ्यामुळे. मी हे इतकी वर्षं उरावर घेऊन फिरले, बाबा. इथल्या तुआसच्या यार्डात मी जहाजांच्या पाइपांची ड्रॉइंग तपासते. दुसऱ्यांची तपासते, स्वतः रेघ ओढत नाही. बाण कुठल्या दिशेला आहे हे तीनदा बघते. लोक कंटाळतात माझ्या तपासण्याला.

रविवारी वही उघडली ती लेकीमुळे. तिला शाळेसाठी जुनी चित्रं हवी होती, म्हणून त्यांतली माझी चूक मी आधीच सांगून टाकली. माझा शाईचा कागद वहीत घडी घालून ठेवलेला होता. तिनं तो उलगडून तुमच्या पेन्सिलीच्या पानावर ठेवला, रेघांवर रेघा जुळवल्या आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत सहज म्हणाली, "सेम-सेम ला, मम्मा. यू ओन्ली कॉपी. आजोबांनीच उलटं काढलंय."

मी चष्मा लावला. तोंडं वर. सगळी. तुमच्याच हातची. आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात, 'तोंड खाली हवे. चूक माझी. पोरीला सांगणे.'

मी हसायला लागले, आणि मला ते थांबवताच येईना. लेक घाबरून पाणी घेऊन आली. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो खरंच उतरतो, खांद्यांना कळतं. राग आधी येईल असं वाटलं होतं. थोडा आला, दुपारी भात लावताना. कुकरची शिटी होईपर्यंत होता.

या पत्राचे कागद आता त्या पानातच ठेवते, दुसरं कुठे पाठवणार? एकच गोष्ट कबूल करायची राहिली. तुम्ही तेव्हा मला येऊन सांगितलं असतंत ना, तर मी मानलं नसतं. पोरीची समजूत काढायला बाबा चूक स्वतःवर घेताहेत, असंच मला वाटलं असतं, आणि मी आणखी रडले असते.