परीचा झगा

मंगळवार, संध्याकाळ. कडेगाव.

लेकीला, परीला, रात्री घालायला झगा शिवायचाय आणि कापडावरच घोडं अडलं होतं. दोन तुकडे आणलेत, एक सुती, एक मऊ केसाळ. केसाळ तुकडा परीनं गालाला लावला तो सोडेचना. पण ही पोरगी सकाळी उठल्याउठल्या पाणी तापवायच्या बंबापुढं शेकत बसते. म्हणून दोन्हींचा एकेक धागा काडीनं पेटवून बघितला. केसाळ वितळला, त्याचा चिकट काळा मणी झाला. तो मणी अंगाला चिकटला तर? सुती घ्यावं, तर तो धागा भुरकन जळून गेला. मग चांगलं कुठलं?

शेवटी सुती कापलं. नेहमीसारखं वाढत्या अंगाचं, दोन वर्षं पुरेल असं. टाचून परीला घातलं.

"आवं आत्ती, सुतीच बरं न्हवं?" सासूबाईंना विचारलं.

"मला न्हाई बाई कळत. परे, बंबापुढं बसतीस तशी बस बघू."

परी उकिडवी बसली. घेर पुढं फरशीवर पसरला, तिच्या पायांच्याही वीतभर पुढं. बंबाचं तोंड तिथंच तर असतं.

आता घेर उसवून अंगाबरोबर करतेय. तो काळा मणी अजून मशीनवर पडलाय. दिवसभर मी त्याच्याकडंच बघत होते.

आईनं माझे सगळे झगे वाढत्या अंगाचेच शिवले. मीही रोज बंबापुढंच बसायचे. मग मी वाचले कशी?