नंबर लावणारा प्रोग्रॅम

आप्पा, आज साताऱ्याच्या ऑफिसात एका नव्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, मी घरी गेले तरी माझा प्रोग्रॅम चालू कसा ठेवायचा?" मी तिला सांगितलं आणि मग दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. कारण ही गोष्ट मी पहिल्यांदा शिकले ती तुमच्या साखर कारखान्यात, इस्लामपूरच्या बाजूला, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तुम्ही गाडीतळावर सुपरवायझर, मी सांगलीहून डिप्लोमा करून कॉम्प्युटर विभागात लागलेली. उसाच्या गाड्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं वजनकाट्यावर जाव्यात म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला होता. गेटवर चिठ्ठी निघायची, काट्यावरच्या पडद्यावर पुढचा नंबर दिसायचा. सुरुवातीला तो माझ्याच टर्मिनलवर चालायचा. मी जेवायला जाताना कुणी टर्मिनल बंद केलं की तोही मरायचा, आणि तळावर शिव्या सुरू व्हायच्या. मग महिनाभर जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून मी तो टर्मिनलपासून तोडला. मशीन सुरू झालं की तोही आपोआप सुरू होणार, पडद्यावर कुठं दिसणार नाही, कुणी असो नसो, मागच्या बाजूला आपलं काम करत राहणार. त्याला थांबवायचं तर परवानगी फक्त मला आणि माझ्या साहेबांना, आणि कुणी थांबवला, किती वाजता, हे तो स्वतःच फाईलमध्ये लिहून ठेवणार. तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे आता कुणाचा वशिला चालायचा न्हाई म्हण की." तुम्ही हसत होता. मला वाटलं, तुम्हाला आनंद झालाय.

मार्चमधली ती दुपार. तुम्ही विभागात आलात, तुम्ही कधी यायचा नाहीत. टोपी काढून हातात धरलेली. म्हणालात, "दोन-तीन तास ते तुझं बंद ठेव. संचालकांच्या गावचे ट्रॅक्टर आल्यात. मी हातानं चिठ्ठ्या देतो."

"आप्पा, सकाळपासनं बैलगाड्या उभ्या आहेत उन्हात."

"मला दिसत न्हाई व्हय? तुझ्या भावाची ऑर्डर त्यांच्या टेबलावर पडलीया. तो पर्मनंट झाला की घर मार्गी लागंल. लेकीनं एवढं केलं म्हणून काय बिघडतंय?"

मशीननं प्रोग्रॅमला दिलेला नंबर मी शोधला, त्याला थांबवलं. दुपार उतरल्यावर परत सुरू केला, तेव्हा तळावरची यादी तुम्ही दिलेल्या कागदावरून भरली. त्यात ट्रॅक्टर सगळे वर होते. तासाभरात बीडकडची एक ऊसतोडणीवाली बाई खिडकीशी आली. हातात घामानं ओली झालेली चिठ्ठी. "बाई, माजा यक्केचाळीस लंबर व्हता. तिथं आता दुसऱ्याचीच गाडी गेली. माजा लंबर कुठं गेला?" मी तिला म्हटलं, मशीन बिघडलं होतं. ती मशीनकडं बघत राहिली, मग गाडीकडं परत गेली. तिची गाडी दुसऱ्या दिवशीही तळावरच. बाराच्या सुमाराला तिचा एक बैल जुवाखाली बसला तो उठलाच नाही. तोडणीच्या टोळ्यांनी काटा बंद पाडला. ती बाई रडत नव्हती. बैलाच्या तोंडावरच्या माश्या पदरानं हाकलत बसली होती. ते मी खिडकीतून बघितलं, खाली गेले नाही.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. माझ्या साहेबांनी फाईलचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर माझं नाव, थांबवल्याची वेळ. मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणी सांगितलं होतं?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही दाराशी उभे होता. तुम्ही गप्प राहिला असता तरी मी समजून घेतलं असतं, आप्पा. पण तुम्ही पुढं आलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "साहेब, पोरीच्या हातनं चूक झाली. लहान हाय अजून. पदरात घ्या."

मी तुमचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी गेली. पंधरा दिवसांनी भावाची ऑर्डर आली, आईनं शिरा केला, आणि तुम्ही माझ्या ताटात वाढायला स्वतः उठलात. शिरा मी तसाच टाकून उठले. त्या बैलवालीचं पुढं काय झालं ते आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

नातेवाईक अजून म्हणतात, लेक असावी तर अशी, बापाची अब्रू राखली. मीही वर्षानुवर्षं तसंच समजत आले. पण खरं काय ते मला सांगलीच्या दवाखान्यात कळलं, तुमच्या शेवटच्या आठवड्यात. मी संत्रं सोलत होते. तुम्ही एकदम माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "त्या दिवशी केबिनीत मी..." मी लगेच म्हटलं, "राहू दे आप्पा. बोलू नका, दम लागतो." बाजूच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंनी कौतुकानं मान हलवली. तुम्ही हात सोडलात आणि भिंतीकडं तोंड केलंत.

तुम्हाला दम लागत नव्हता, आप्पा. तो दिवस तुमचा बरा होता, डॉक्टर सकाळीच तसं म्हणून गेले होते. इतकी वर्षं मी आत आले की तुम्ही खुर्ची सोडायचा, माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवायचा, आणि मला ते हवं असायचं. तुम्ही ते वाक्य पुरं केलं असतं तर मला माफ करावं लागलं असतं. म्हणून मी तुम्हाला बोलू दिलं नाही.