शिलाँगविरुद्ध अबोला

३ नोव्हेंबर, सोमवार. सायं. ७.४०

चंद्रप्रभाला प्रमोशन. पोस्टिंग शिलाँग, दोन वर्षं. मी पेपर वाचत असताना येऊन सांगितलं. सांगितलं. विचारलं नाही.

मी जुन्या विचारांचा माणूस नाही. हिला नोकरी मीच करू दिली. जीन्सलाही माझी कधी हरकत नव्हती. हिने घातली नाही, तो भाग वेगळा. पण बायकोने नवऱ्याला दिल्लीत मयूर विहारात एकटं टाकून मेघालयात जाणं, हे स्वातंत्र्य झालं की पळपुटेपणा?

याआधी दोनदा प्रमोशन आलं होतं. २००६ भोपाळ, २०१५ हैदराबाद. दोन्ही वेळा हिने समजूतदारपणे फरगो केलं, म्हणजे प्रमोशन सोडलं. नकाराची पत्रं मी स्वतः ड्राफ्ट केली, हिने फक्त सही केली. एवढी मदत कोणता नवरा करतो? आता म्हणते, ही शेवटची संधी, पुढे रिटायरमेंटच. शिवाय या प्रमोशनने ही गॅझेटेड होणार. मी नॉन-गॅझेटेड. त्याचा माझ्या निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

निर्णय: आजपासून अबोला. नकाराचं पत्र द्यायची शेवटची तारीख २०. तोवर एक शब्द नाही. नाक घासत येईल.

५ नोव्हेंबर, बुधवार

अबोला कडक चालू आहे. चहा हवा असला की खाकरतो. किल्ली हवी असली की बोट दाखवतो. बाई आतून पार ढासळली असणार. पुरावा: आमटीत मीठ नाही. सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत होती, ते मनावरच्या ताणामुळे.

शिवांगीला कळवलं की तुझ्या आईशी मी अबोला धरलाय. (ती इथेच, दिल्लीतल्या द्वारकेला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. परवानगी मीच दिली, सामान गेल्यानंतर.) तिचं उत्तर आलं, पप्पा, अबोला मतलब? कोई मेडिसिन है क्या, डॉक्टरला विचारून घ्या. दिल्लीत पोरं वाढवली की हे असं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फरगोचं पत्र टाइप करून, प्रिंट काढून, तिच्या डब्याखाली ठेवलं. सहीच्या जागी पेन्सिलीने फुलीसुद्धा केली. अबोला असूनही मदत थांबवली नाही, हा माझा मोठेपणा.

संध्याकाळी पत्र डायनिंग टेबलवर सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूला यादी: लोकरीचे मोजे, छत्री, इसबगोल, गोडा मसाला १ किलो.

ठीक आहे. आता दया नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

अन्न-बहिष्कार. हिच्या हातचं दुपारचं जेवण बंद. काही न सांगता मेट्रोने मंडी हाउसला उतरलो, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये गेलो. घरी ताट वाढून वाट बघत बसेल आणि रडेल, अशी योजना.

कोपऱ्यातल्या टेबलावर ही. ऑफिसच्या सहा बायकांबरोबर, प्रमोशनची पार्टी. मी पेपर वर धरला. दोन मिनिटांत वेटरने माझ्यापुढे श्रीखंड-पुरी आणून ठेवली, मॅडमने भिजवाया है म्हणाला. जाताना ही टेबलाशी थांबून म्हणाली, बरं झालं इकडेच आलात, आज मी काही केलंच नव्हतं.

श्रीखंड खाल्लं. अन्नाचा अपमान करत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तोफ बाहेर काढली. सांगलीला आईला फोन केला. वय ऐंशी, शब्द करडा. सुनेला चार गोष्टी सुनाव म्हटलं आणि हिच्यासमोर फोन स्पीकरवर टाकला.

आईने आधी विचारलं, शिलाँगला थंडी किती असते. मग म्हणाली, चंद्रप्रभे, तू जा. मला १९७१ साली मिरजेच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती, ह्यांनी ऑर्डर चुलीत घातली. चुलीशी मीच बसले होते, पण हात पुढे झाला नाही. तू कागद कुणाच्या हातात देऊ नकोस.

मी हे पहिल्यांदाच ऐकलं. अण्णा असं करतील यावर माझा विश्वास नाही. वयाने आईची स्मृती दगा देते आहे. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ चूल डोळ्यांसमोर येत राहिली. आमच्याकडे आता गॅस आहे, त्यामुळे तुलनाच होऊ शकत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सूड घ्यायचाच तर मुळावर घाव घालावा. ही भाजीला गेल्यावर माळ्यावरची मोठी सूटकेस काढली आणि खालच्या मजल्यावर विनायकरावांकडे लपवली. ते आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार, पोटात गोष्ट ठेवणारे. घरात दुसरी एवढी मोठी बॅग नाही. बॅग नाही तर शिलाँग नाही. साधं लॉजिक.

१६ नोव्हेंबर, रविवार

सूटकेस परत आली. विनायकरावांच्या वृंदावहिनींनी आतून पुसून, अडकणाऱ्या चाकाला तेल घालून, वर मेतकुटाचा डबा ठेवून पाठवली. चिठ्ठी: भावजींनी आठवणीने बॅग दुरुस्तीला आणून दिली, असा नवरा सगळ्यांना मिळो.

ही माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघायला लागली की मला उठून बाल्कनीत जावं लागलं. बाहेर धुरकं, एक्यूआय ४१२.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचं अस्त्र: आजारपण. त्यासाठी बोलावं लागत नाही. सकाळपासून खोकतोय. प्रदूषणामुळे अर्धा खोकला खराच आहे. आजारी नवऱ्याला टाकून कोणती बाई जाईल?

हिने सुट्टी टाकली. (विजय!) काढा केला, एअर प्युरिफायर माझ्या उशाशी ओढला. मग त्याच सुट्टीत स्वयंपाकाला बाई ठरवली, डॉक्टरचा नंबर फ्रिजला चिकटवला, डब्यांवर लेबलं लावली: तूर, मूग, साखर, मीठ. दुपारी विचारलं, आता बरं वाटतंय का, आणि मी मान हलवायच्या आत स्वतःच म्हणाली की वाटतंय, रंग सुधारलाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुदत संपली. हिने पत्र दिलं नाही. संध्याकाळी रिलीव्हिंग ऑर्डर आणि फुलांचा गुच्छ घेऊन आली. ऑफिसच्या लोकांनी एक पेनही दिलं. हिरव्या शाईचं, गॅझेटेड अधिकारी सहीला वापरतात ते.

अजून परवाची फ्लाइट बाकी आहे. उद्या अबोला सोडणार. सतरा दिवस तहानलेल्या माणसापुढे अचानक पाणी ठेवलं की तो विरघळतो. माझा आवाज ऐकताच ही कोसळेल. भाषणाचे मुद्दे काढले आहेत, एकूण नऊ.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. रा. ८.१५

अबोला सोडला.

ही पलंगावर स्वेटरच्या घड्या घालत होती. मी समोर उभा राहून म्हणालो, अठरा दिवस मी तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही. पुरेशी शिक्षा झाली. मी माफ करतो. आता तू उद्याची फ्लाइट रद्द कर.

हिने घडी अर्धी ठेवून वर बघितलं आणि विचारलं, तुम्ही अबोला धरला होता? कधीपासून?

टोमणा नव्हता. हिचा टोमणा मारतानाचा चेहरा मला पाठ आहे. हा तो नव्हता.

मी म्हणालो, तीन तारखेपासून. ही म्हणाली, अहो, बोलत होता की तुम्ही. मी विचारलं, काय बोललो ते सांग. ती आठवायला लागली. चहा म्हणाली. मग किल्ली म्हणाली, आणि हातातला स्वेटर खाली ठेवला. पुढे म्हणाली, म्हणजे अठरा दिवस, आणि मला कळलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी तरी काय वेगळं होतं? तुम्ही आठवा बरं.

मी आठवून बघितलं. वीज बिल आठवलं.

मग ही रडली. अठरा दिवस मी याचसाठी झटत होतो. हवं तसं घडलं, पण आनंद होईना. नऊपैकी एकही मुद्दा मांडला नाही. जवळ बसावं असं वाटलं, पण पलंगभर स्वेटर पसरलेले होते. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि बॅग बंद केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार. स. ९.३०

शिवांगी टॅक्सी घेऊन आली. बॅग मी लिफ्टपर्यंत नेली. चाक छान फिरतं.

लिफ्ट यायला वेळ लागला. हिने माझ्याकडे बघून विचारलं, काही बोलायचंय का? घाईने नाही, थांबून विचारलं. शिवांगीने फोन खिशात ठेवला. बोलायचं होतं. सत्तावीस वर्षांच्या संसाराचं होतं.

मी विचारलं, गिझर बंद केलास ना?

हो म्हणाली. लिफ्ट आली.